हातचा एक

डंडीत, टे नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
इशबेल पेट्रीच्या गॅरेजमध्ये
गाडी कधीच नव्हती.
आहे एक टेबल, वाकड्या मानेचा दिवा,
आणि चाळीस पायांचा काळा किडा:
आठ बिटांचा प्रोसेसर,
माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

त्याच्यावर ती यंदाची सिस्टीम चढवत होती.

मी हॉस्पिटलात कॉम्प्युटर बदलते.
वरून यादी येते: हे एकशे बारा
नव्या सिस्टीमला चालणार नाहीत.
चार-पाच वर्षांची धडधाकट यंत्रं,
पाठीवर पिवळा स्टिकर,
ट्रॉलीवरून लिफ्टने खाली.
हे ऐकून इशबेल हसली नाही.
बिस्किटांचा डबा पुढे सरकवला,
म्हणाली, "चालणार नाहीत,
की चालवायचे नाहीत?"

मग दाखवलं:
बत्तीस बिटांची बेरीज याच्या तोंडात मावत नाही,
म्हणून चार घास करतो.
एक घास, हातचा एक.
दुसरा घास, हातचा एक.
मला चाळीसगावची शाळा आठवली,
पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेला हातचा,
पुसला गेला की
गणित तिथेच बसायचं.
हा पुसत नाही.
नव्या प्रोसेसरचं सोंग घेऊन बसलाय,
त्याच्या एका पावलाला याची हजार पावलं,
आणि वर चालणाऱ्या सिस्टीमला पत्ताच नाही
खाली कोण राबतंय.

"सुरू व्हायला अकरा दिवस," इशबेल म्हणाली,
"आणि चौथ्या दिवशी माझा खुबा बदलतायत."
किल्ली दिली. सूचना एकच:
स्विचला हात लावायचा नाही.

तरुणपणी ती घड्याळांच्या कारखान्यात होती,
मग त्याच बाकांवर कॉम्प्युटर आले.
दिवसाला किती बोर्ड जोडले
हे ती आजही पाढ्यासारखं म्हणते.
हा त्यातलाच एक असेल का,
मी विचारलं नाही.

रोज कामावरून येताना डोकावते.
सोमवारी एक ओळ.
मंगळवारी अर्धी.
इथल्या समुद्री धुक्याला हार म्हणतात,
मला तो शब्द अजून मराठीतच ऐकू येतो.
आठव्या रात्री हार गल्लीत शिरली,
दिवे दोनदा मिचकले,
आणि पडद्यावर काहीच हलेना.
एक तास. दोन.
अडकलंय, मनात म्हटलं.
कामावर असतं तर मी बटण दाबलं असतं,
पाच मोजून पुन्हा लावलं असतं,
हीच आमची सगळी विद्या.
हात स्विचपर्यंत गेलाही होता.
मग बोटाच्या मागच्या बाजूने चिपला शिवले.
कोमट.
विसरलेल्या चहाच्या कपाइतकी.
सेकंदाला पस्तीस लाख ठोके
आणि आवाज काही नाही.
खुर्ची ओढून बसले.
पहाटे एक शब्द आला. त्याचा अर्थ
"ठीक" असा होता.

अकराव्या दिवशी त्याने नाव विचारलं.
मी तिचं टाइप केलं, आय, एस, एच,
अक्षर उमटायला वीस-वीस मिनिटं.
तोवर भांडी घासून आले, तिच्या कुंडीला पाणी घातलं.
मग तारीख दिसली:
गुरुवार, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

आमच्या आप्पांचं नाव शाळेत घातलं तेव्हा
मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा?
कुणाला ठाऊक नव्हतं.
मास्तरांनी एक जून लावली, त्यांच्या पाठच्या सातजणांनाही.
घड्याळाची बॅटरी नसलेल्या यंत्राचंही तेच.
काहीतरी लिहायला लागतं,
त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत.

वॉर्डात इशबेल उशांना टेकून बसली होती.
पायथ्याशी मी कालच बसवलेला नवा कॉम्प्युटर
अपडेट घेत होता, कृपया बंद करू नका.
मी फोनवरचा फोटो दाखवला.
तिने चष्मा लावला, काढला, पुसला.
"गुरुवारच होता," म्हणाली.
"सुट्टी होती. डोकं ठणकत होतं,
आदल्या रात्री जरा जास्तच झाली होती."

मी विचारलं, आता त्याला काय काम देऊ?

"काम?" इशबेल म्हणाली.
"अगं, आत्ताच तर उठलाय."