आठवा चौकोन

विट्याच्या शाळेत, दहावी ब च्या फळ्यावर
मी सात इंग्रजी शब्द मांडले,
एकाच घरातल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या भावंडांसारखे:
कॉपी, इमिटेट, मिमिक, एप, मॉक, फेक, एम्युलेट.
प्रत्येकासमोर चौकोन. म्हटलं, आता अर्थ सांगा.

कॉपी म्हणजे, सर्जेराव उठून म्हणाला,
मार्चमध्ये खिडकीतून येती ती.
इमिटेशन म्हणजे स्टँडसमोरचं दुकान,
लग्नात मिरवायचं, घाम आला की मान काळी.
मिमिक्री म्हणजे गॅदरिंगला
हेडसरांचं खाकरणं, पडद्यामागून.
डुप्लिकेट म्हणजे स्कूटीचा ब्रेक.
झेरॉक्स तर मी लिहिलंच नव्हतं,
तरी ते आलं, तहसील कचेरीसमोरून,
तीन प्रतींत.

एपला कुणीतरी माकड म्हटलं आणि बाकं हलली.
मी म्हटलं, माकड नव्हे,
डोकं घरी ठेवून केलेली नक्कल.
मॉक म्हणजे मनात काटा ठेवून केलेली. वेडावणं.
आणि एम्युलेट म्हणजे टाच उचलून
वरच्या फळीला हात पुरवणं.
टाच म्हणताना माझी मीच अडखळले.
माझी डावी टाच, मी तीन वर्षांची असल्यापासून
जमिनीला नीट टेकत नाही.

राहिला फेक.
दादा तीस वर्षं कोइमतूरच्या एका बोळात गलाईवर.
दगडावर रेघ ओढायचे, तेजाब सोडायचे, म्हणायचे,
पितळ कुठं खोटं असतंय?
पितळ पितळच असतंय.
त्याला सोनं म्हणणारा खोटा.
तेच लिहिलं मी. चौकोनाबाहेर गेलं.

मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी,
पाचवीतली मुबीना आतार चालत होती.
डावा पाय किंचित ओढत,
उजवा तळहात मांडीवर दाबत,
घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.
घड्याळ बॉलपेनानं काढलेलं.

हसली असती तर
शब्द तयार होता माझ्याकडे, आणि आवाजही.
चाळीस वर्षं वेडावणारे पाय ओळखते मी.
ते घाईत असतात, मागं वळून
हसणारे मोजतात.
हिचा पाय कुणालाच दाखवत नव्हता.
ती तो टाकत होती, कित्त्यातल्या अक्षरावरून
पेन्सिल फिरवावी तसा, जीभ दातांत धरून.

मला राग आला.
एवढं घ्यायचंच होतं तर माझं अक्षर घे, बाई,
स्पेलिंग घे, काठपदराच्या निऱ्या घे.
हे काय उचललंस,
जे मी रोज संध्याकाळी कॅलिपरबरोबर उतरवून
कपाटामागं उभं करते,
पाहुणे यायच्या आत?

तिनं मला पाहिलं. पाय सरळ झाले.
म्हणाली, गुड आफ्टरनू...न, मॅडम.
तो नू माझाच, ओढलेला.
आणि माझा तरी कुठला माझा?
दादा इंग्रजी बोलायचे ते असंच लांबवून,
कोइमतूरच्या गिऱ्हाइकांकडून उचललेलं,
विट्याला येताना ट्रंकेत घालून आणलेलं.
हसायचो आम्ही त्यांना. वेडावायचोसुद्धा.
ते गेल्यानंतर कधीतरी
ते माझ्या तोंडात येऊन राहिलं,
भाडं न देता.

तिला म्हटलं, पाणी पिऊन वर्गात जा.
दुसरं काय म्हणणार.

तास पुन्हा भरला तेव्हा
सात शब्दांखाली मी आठवा चौकोन काढला.
शब्द लिहायला खडू उचलला, आणि
खडूनंच थोडा वेळ काढला.

ह्यात काय ल्ह्यायचं, मॅडम?
अजून नाही ठाऊक.
परीक्षेला येतंय का?
नाही.

मग माझी पाठ वळली तोवर
बेचाळीस मुलांनी, पट्टी लावून,
तो वहीत उतरवून घेतला,
रिकामाच,
माझ्या हाताला जिथं कापरा आला होता
त्या वाकड्या कोपऱ्यासकट.