चार नंबरचा पिवळा

सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरात
मी एकोणीस वर्षं रंग बघतो.
भिंतीवर तक्ता आहे, एक ते सात.
तीन म्हणजे हिरव्यात पिवळं,
चार म्हणजे पिवळ्यात हिरवं, गाडी भरायची ती इथे.
सात म्हणजे ठिपके, भाव गेला.
तक्त्याकडे मी आता बघत नाही.
दार उघडलं, गार वाफ अंगावर आली
की नाकालाच नंबर कळतो.

म्हणून पुढचं सांगायला लाज वाटते.

बोरोल्यांच्या मळ्यात भरिताची पार्टी.
पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, वर तेलाचा तवंग,
कळण्याच्या पुऱ्या.
रत्नप्रभा दोन घास जास्त जेवली, एवढंच.
रात्री उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली.
कळ पाठीत, पाठीतून खांद्याच्या पात्यात.
"पित्त हाय, दुसरं काय."

आमच्याकडे सगळं पित्तच असतं.
माणूस रागावला, पित्त खवळलं.
डोकं धरलं, पित्त चढलं.
ओकारी झाली, पित्त पडलं, बरं झालं.
एका शब्दात इतकं कोंबलेलं
की त्याला एक पिशवी असते,
पिशवीला मान असते,
मानेत खडा अडकतो,
हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

ओवा झाला. सोडा झाला. शेजारणीची आवळासुपारी झाली.
दुसऱ्या दिवशी हुडहुडी, दोन गोधड्यांखाली दात वाजत होते.
तिसऱ्या रात्री दुखणं एकदम थांबलं.
"पाहा, गेलं ना," ती म्हणाली.
मी मारुतीला नारळ कबूल केला
आणि रात्रपाळीला गेलो.

सकाळी ओट्यावर बसली होती, उन्हाकडे तोंड करून.
"चहा ठेवू?" म्हणून तिनं वर पाहिलं
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"तीन."

घरातला बल्ब पिवळा आहे, त्यात काय दिसणार,
असं मी स्वतःला अजून सांगतो.

आमोदा, बामणोद, मग पुलाखालची तापी.
भुसावळला डॉक्टर फिरक्यांनी बरगडीखाली बोटं रुतवली,
म्हणाले, श्वास घ्या.
तो अर्ध्यातच तुटला.
"दुखणं कधी थांबलं?"
मी कौतुकानं सांगितलं, "काल रात्रीच."
ते माझ्याकडे बघतच राहिले.
"तेच वाईट, काका. मेलेलं दुखत नाही.
पिशवी फुगलीय, शेजारची नळी दाबतेय,
आत काळी पडत चाललीय.
उद्या नाही. आत्ता."

पावरा सिस्टर साबण लावून बांगड्या काढत होती.
एक निघेना.
"पीठ उघडंच राह्यलं," रत्नप्रभा मला म्हणाली,
"मुंग्या लागतीन."
मग स्ट्रेचरची चाकं वाजली.

कागदावर सही केली. वाचला नाही.
केळीच्या चिकानं काळी पडलेली माझी बोटं
नावाशेजारी उमटली,
तिथे सही करायची नव्हती.

अडीच तास. दुर्बिणीतून जमलं नाही, पोट उघडलं.
बाकावर असताना चेंबरवरून फोन आला,
"भाऊ, दोन नंबरची खोली उघडू का? रंग काय धरायचा?"
मला सांगताच येईना.
"तक्ता बघ," म्हणालो.

खडे बाटलीत दिले. अकरा.
तूरडाळीएवढे दहा, एक हरभऱ्याएवढा, मळकट.
ते कपाटात आहेत, तिच्या लुगड्यांमागे.
का ठेवलेत, ते दोघांनाही माहीत नाही.

आता रोज सकाळी कामावर निघताना
मी तिला ओट्यावर, उन्हात उभी करतो,
खालची पापणी अंगठ्यानं ओढतो.
ती वैतागते.
"डोळा हाय माह्या, घड नही."
टाक्यांवर हात दाबून हसते,
आणि हसताना
डोळे मिटून घेते नेमके.