खोकं

बेबी पद्मजाला माईक पुरायचा नाही
म्हणून मी साबणाचं खोकं सरकवायचो पायाखाली.
गड्ड्यात, आठ वर्षांची,
पुढचा दात पडलेला, ओठांना लाली,
या ओळीला डोळा मार, ही मास्तरांची शिकवण.
आम्ही शिट्ट्या घातल्या.
विड्या वळून कमावलेल्या नोटा
तिच्या फ्रॉकला टाचणीनं टोचल्या.

आता अशोक चौकात तिचं पोस्टर फाडतात.
पाठ उघडी म्हणे, जीभ सैल म्हणे,
सोलापूरचं नाव घालवलं.
फाडणाऱ्यांतली एक शिट्टी
माझ्या ओळखीची आहे.

परवा आली साउंड चेकला.
माईक मी तिच्या उंचीला लावला.
तिनं तो खाली ओढला, पार कमरेपर्यंत,
आणि बघत राहिली.
"काका, खोकं कुठाय?"

आहे की.
त्याच्यावरच बसून असतो मी.