प्रश्न चौथा

चिलिकोथी, ओहायो. तिसरा तास.
गोष्टीतलं गाव पुस्तकांवर बंदी घालतं.
प्रश्न चौथा : यातला उपरोध ओळखा. गुण पाच.

सव्वीसपैकी विसांनी पान उलटलंच नाही.
एकाने लिहिलं, उपरोध म्हणजे योगायोग.
डेलाने समासात घोडा काढला. बरा होता.

मग प्रुइट नावाच्या पालकाची तक्रार आली,
अकरा पानं, शिसपेन्सिलीने, दाबून लिहिलेली.
परिच्छेदांना क्रमांक,
अडलेल्या शब्दांचे अर्थ शेवटी,
आणि सातव्या पानावर, खोडायचं राहून गेलेलं :
'म्हातारी पुस्तक पिठाच्या डब्यात लपवते
तिथे मी जरा थांबलो.
आमच्या आईचा डबाही निळाच होता.'

सोमवारी समितीने गोष्ट काढून टाकली.
सात हात वर झाले.
वाचली होती का, असं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
झेरॉक्स केळ्यांच्या खोक्यात भरून
तळघरात ठेवून आले.

रात्री पेपर तपासायला बसले
तर तक्रारीची प्रत त्यांतच आलेली.
सातव्या पानावर लिहिलं : पाचपैकी पाच.
मग नोकरी आठवली,
खोडलं.

लाल शाई आहे.
खालचं दिसतंय अजून.