डाव्या हाताची तर्जनी

पेपरच्या तिसऱ्या पानावर शेजारी शेजारी
दोन बातम्या होत्या.
मतदान सकाळी साडेसातपासून, ओळखपत्र सोबत ठेवा.
गॅसची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदला,
अग्निशमन दलाचं आवाहन.
दोन्ही वाचल्या आणि चहा ठेवला
त्याच नळीवर, जिची तारीख
सभागृहाच्या मुदतीसारखी
कधीच उलटून गेली होती.

मी चित्रकलेचा मास्तर.
ड्युटी उत्तरेश्वर पेठेत, शाळेची खोली दोन,
माझ्याकडं शाई.
वर्षभर पोरांना सांगतो, रेघ मारताना हात थरथरू देऊ नका.
इथं दिवसभर एकच रेघ,
नखावरून कातडीवर,
नखावरून कातडीवर.

साडेअकराला अक्काताई भोपळे आल्या.
डावा हात मनगटापर्यंत पट्टीत,
गळ्यात जुन्या पंचाची झोळी.
ओळखपत्राचा एक कोपरा वितळून गुंडाळलेला.
चेहरा शाबूत, पत्ता गेलेला.
एजंट माना लांबवून बघायला लागले.
बाईंनी यादीत बोट फिरवलं: आहे, चारशे एकतीस.

खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.
नऊ दिवसांपूर्वी, पहाटे, दूध तापवताना
उंदरानं कुरतडलेल्या नळीनं पेट घेतला.
बंब आला. म्हणजे कोपऱ्यापर्यंत आला.
पुढं गल्लीच्या तोंडाला उमेदवाराची कमान,
बांबू, झालर,
आणि हात जोडून उभा दहा फुटी चेहरा.
जवान पाइप खांद्यावर घेऊन पळाले.
त्यांच्या आधी तालमीतली पोरं पोचली,
जोर अर्धे टाकून, लाल मातीच्या अंगानं,
म्हशींच्या हौदात पेंडीची पोती बुचकळत.
अक्काताईंनी कुणाचीच वाट बघितली नव्हती.
जाळात हात घालून
रेग्युलेटरची खुंटी फिरवली होती.
डावा हात. उजव्यावर नातू होता.

नियम सांगतो, तर्जनी नसेल तर
डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट.
पट्टीतून बाहेर होतं
करंगळीचं टोक, तेवढंच.
मी काडी पट्टीकडं नेली तसं म्हणाल्या,
"कापडावर नगा लावू मास्तर.
उद्या डॉक्टर सोडणार पट्टी,
मग मी आलतो ह्याला पुरावा काय?
करंगळीला लावा. सावकाश.
मी काय पळून जात न्हाई."

शाईचा वास, मलमाचा वास.
माझी रेघ वाकडी आली.
"गार हाय की," म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याआड गेल्या.

चार गट, चार बटणं.
एक बीप. दुसरी.
तिसरी.
मग काहीच नाही.
कमानवाल्याच्या एजंटानं पेनाचं टोपण चावलं.
पंख्याचा आवाज तेवढा मोठा झाला.
कितीतरी वेळानं चौथी.

कुणाला, ते मशीनला ठाऊक.
दारात थांबून, पायात चपला सरकवत,
कुणाकडंच न बघता त्या बोलल्या,
"कमान हाय अजून तितंच. वाकून आलो."

रात्री मशीन जमा करून घरी पोचायला अकरा वाजले.
आधी रेग्युलेटर बंद केला, मग दिवा लावला.
जेवण गार खाल्लं.
सकाळी पापाच्या तिकटीजवळच्या दुकानातून
केशरी नळी आणली, साल वाचून घेतलं,
दुकानदार म्हणाला, "आज सातवी गेली बघा.
अक्काताईंनी धंदा दिला."

पत्रकात लिहिलंय,
जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येतो का बघा.
लावलं.
आला नाही.
तरी ओट्यापाशी स्टूल घेऊन बघत बसलो,
शेजारच्या घरात टीव्ही लागलेला,
मोजणीची पहिली फेरी सुरू होती.