साडेदहा लीन्य

मार्लीज ब्वाया दुकानात आली तेव्हा
तिच्या बुटांना बर्फ होता
आणि हातरुमालात वडिलांचं घड्याळ.
"विकायचं नाही," तिने आधीच सांगितलं,
"आत काय आहे, तेवढं बघा."

तबकडीवर नाव होतं
सूझ नदीच्या अलीकडच्या कारखान्याचं.
आर्मां ब्वाया तिथे एकेचाळीस वर्षं फोरमन;
पलीकडच्या कारखान्याचा विषय निघाला
की सूप गार होईपर्यंत गप्प बसणारा.

सुरीच्या टोकाने मागचं झाकण उचललं.
या गावात कुणीही झाकण उघडलं
की बघणारे श्वास धरतात,
पाळण्यात वाकल्यासारखे.
पंधरा माणकं, मुंगीच्या डोक्याएवढी.
पुलांवर नाव नाही.
बॅलन्सखाली, जिथे शिक्का आणि कॅलिबरचा आकडा असतो,
तिथेही काही नाही.
खोडलेलं नव्हे. खोडलं की खूण राहते.
ही जागा कोरीच होती,
दारावर पाटी लावायची राहून गेलेल्या घरासारखी.

मोजलं. साडेदहा लीन्य.
लीन्य म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या पावलाचा एक कण.
राजा गेला, पाऊल गेलं,
आम्ही अजून त्यातच मोजतो.

मग काटे काढले, तबकडी उतरवली.
मशीनचं गोत्र कळतं ते इथे,
गिऱ्हाईक जन्मात बघत नाही त्या अंगाला.
चावीच्या दांड्याशी एक चपटी स्प्रिंग असते,
काटे लावताना टक् करून बसते ती.
प्रत्येक कारखान्याने तिला आपापल्या मनाचा आकार दिला:
कुणाची विळ्याची पात,
कुणाची पाण्याकडे वाकलेली बगळ्याची मान.
कॅटलॉगचं ते पान मला पाठ आहे, कॉफीच्या डागासकट.
हा बगळा पलीकडच्या काठावरचा.

तसंच सांगितलं तिला.
हेही, की तिथे शिक्का मारायची खोली सगळ्यात शेवटची;
हे मशीन त्या खोलीपर्यंत पोचलंच नाही,
म्हणजे विकलं गेलं नाही.
फाटकाबाहेर कसं आलं, ते कॅलिबर सांगत नाही.

भिंग उलटं धरून
ती बराच वेळ स्प्रिंगकडे बघत राहिली.
"आई पलीकडे होती," म्हणाली.
"लग्नाआधी, दोन वर्षं. माणकं बसवायची."
आणि जरा वेळाने:
"फाटकावर बायकांच्या पिशव्या बघायचे.
खिसे. जेवणाचे डबे.
अंबाडा कोण सोडून बघणार?"

बेकरीवाल्याचे जास्तीचे आलेले पाच सांतीम
परत द्यायला, ती म्हणाली,
मला गुडघाभर बर्फातून पाठवणारी बाई!
ती हसली. मग हसू थांबेना,
तेव्हा मी उगाच खिडकीची काच पुसली.

नव्वदेक भाग भरतात, स्क्रू धरून.
रोज एक न्यायचा म्हटलं तर अख्खा हिवाळा.
नाहीतर एकच संध्याकाळ
आणि घट्ट पिना.

तबकडी उलटी केली, तेव्हा दिसलं:
तिचे दोन्ही पाय कापून
नव्या जागी डाख दिलेला.
त्याशिवाय ती या मशीनवर बसलीच नसती.
डाख बारीक, फोरमनच्या हाताचा,
कुठे थेंबभर कथील सांडलेलं नाही.
हे मी तिला दाखवलं,
बोललो काही नाही.

माझ्या वहीत एक रकाना आहे: बनवणारा.
पेन टेकवून मी तिच्याकडे बघितलं.
जेर्मेन ब्वायाला जाऊन एकोणीस वर्षं झाली,
कारखान्याच्या जागी आता टायरचं गोदाम आहे.
मार्लीजने तरी एकदा दाराकडे बघून घेतलं.
"कोरंच ठेवा," म्हणाली,
"कुणी विचारायला आलं तर?"