पालथा कप

स्टोकला उतरले तेव्हा अंधारून आलं होतं.
टॅक्सीवाल्याने विचारलं, पाहुण्या का?
हो म्हटलं. सोपं होतं ते.

आईच्या घरात नेव्हिल सोफ्यावर झोपलेला,
गोदामाच्या पिवळ्या जाकिटासकट.
भट्ट्या पाडल्या तिथेच गोदाम आहे आता.
आईने तव्यावर ओटची धिरडी टाकली,
आत चीज, आत बेकन.
"खा गं, डक."
लंडनमध्ये मला कोणी बदक म्हणत नाही.
तिथे मी डॉक्टर ब्लूर,
घासूनपुसून घेतलेल्या उच्चारांची.

एकदा डीनच्या घरी जेवताना
माझा हात आपसूक रिकाम्या बशीखाली गेला
उलटी करून शिक्का बघायला.
आमच्या गावची खोड ही,
लग्नात, हॉटेलात, मर्तिकाच्या जेवणातसुद्धा.
डीनबाईंनी पाहिलं.
मी नॅपकिन सारखा केला.

आज आईसाठी कप आणला होता,
केन्सिंग्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून,
सोनेरी काठाचा.
तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
कप पालथा केला, मग सुलटा,
काठावरून अंगठा फिरवत
एका जागी थांबली.

"मॉरीन टॅम्स.
रेघ इथे जाड झाली बघ, श्वास सुटला तिचा.
त्या हिवाळ्यात पोरगा गेला होता.
तिसऱ्या दिवशी कामावर हजर,
नगावर पैसे होते ना."
आणि जरा वेळाने,
"सेकंड आहे हा. असले आम्ही
शुक्रवारी पिशवीतून फुकट आणायचो.
तू यातूनच तर दूध प्यायचीस."

मला आठवेना.
आठवलं ते एवढंच, की शाळेतल्या कुणालाच
मी कधी घरी बोलावलं नव्हतं.

"केवढ्याला पडला?"
नेव्हिलने डोळे न उघडता विचारलं.
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी तो उठून बसला, हसत सुटला,
बाबा खोकायचे तसं हसू त्याचं,
तळातून, थांबता न थांबणारं.
आईने मान फिरवली.

चहा त्यातच ओतला तिने, काळा, कडू.
सोन्याची रेघ ओढणारा हात थरथरतो आता.
बशीत सांडला तो बशीतूनच प्याली.

रात्री कप विसळून
ओट्यावर पालथा घातला, शिक्का वर.
मी म्हटलं, आण, पुसते.
"राहू दे," म्हणाली,
"आपोआप वाळतो."